येहुदितबाईंना हसू फुटतं तेव्हा

येहुदितबाई झिराडकरांचं हसू वाळवंटातल्या साऱ्या येरुहाम गावाला ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नव्हतं, लोकांनी ते सोसलं होतं. आधी खांदे लटलट हलू लागत. ते हलले की शेजारची बाई सावध होऊन जरा सरकून बसे. मग घशातून एक उचकी. मग क्षणभर अशी शांतता, की वाटावं, चला, टळलं. आणि मग जो आवाज सुटे, तो कुठल्याही सभ्य समारंभाला परवडणारा नव्हता. बारीक किणकिणत तो वर वर चढत जाई, वर पोचला की घसरत खाली येई आणि खाली टेकतो न टेकतो तोच पुन्हा चढू लागे.

बरं, हसायला काही विनोद घडायला हवा म्हणाल, तर तसंही नाही. उलट जिथे हसायला बंदी, तिथेच हटकून फुटायचं. शिवणाच्या कारखान्यात नवा मॅनेजर शिस्तीवर भाषण द्यायला उभा राहिला, तेव्हा फुटलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावून श्वास रोखायला सांगितला, तेव्हा फुटलं. मयताला गेल्या तर लोक त्यांना दाराशीच बसवत, म्हणजे बाहेर पळायला सोपं. एवढं असूनही बाईंवर कुणाचा राग टिकत नसे, कारण अडीनडीला सगळ्यांच्या आधी दारात त्याच हजर, आणि हातात भरलेला डबा.

राग टिकवला होता तो एकीनेच. त्यांच्या नातीने, मोरानने.

मोरान ही येहुदितबाईंच्या लेकीची, ओर्लीची मुलगी. वय सोळा, पण गांभीर्य साठीचं. मराठी सगळं समजे, उत्तर मात्र हिब्रूत. बारा वर्षांची झाली तेव्हा तिचा बात मित्सवा, म्हणजे मुलगी जाणती झाल्याचा सोहळा झाला. नवा ड्रेस घालून, माईकसमोर उभी राहून ती मोशेच्या नम्रतेवर भाषण देत होती. तिसऱ्या वाक्याला माईकने शिट्टी मारली. पोरीने न डगमगता पुढचं वाक्य घेतलं, माईकने पुन्हा शिट्टी मारली, आणि पहिल्या रांगेत आजीचे खांदे हलले. पुढचं काय सांगायचं! नम्रता राहिली बाजूला, अख्खा हॉल आजीकडे बघत बसला. पोर रडत खाली उतरली आणि पुढे कितीतरी दिवस आजीशी बोलली नाही. नंतर बोलू लागली, जेवायलाही येऊ लागली, पण शाळेत नाटक असो की गाणं, आजीला बोलावणं नाही. "सावता, तुला कंटाळा येईल," म्हणायची. सावता म्हणजे आजी. कंटाळा कुणाला येतो आणि लाज कुणाची वाटते, हे न कळण्याइतक्या येहुदितबाई भोळ्या नव्हत्या. त्यांना फार वाईट वाटे, आणि वाईट वाटत असतानाच त्या माईकची शिट्टी आठवून हसूही येई. हीच तर पंचाईत होती.

दोन हजार तीन साली हनुक्का या दिव्यांच्या सणाच्या सुट्टीत येरुहामच्या, कोकणातून आलेल्या आपल्या ज्यू लोकांच्या सिनेगॉगने, म्हणजे प्रार्थनामंदिराने, तरुण मुलांचं शिबिर काढलं. ठिकाण मित्स्पे रामोन, तिथल्या वाळवंटातल्या प्रचंड खळग्याच्या काठावरचं वसतिगृह. विषय न्याय आणि कला. म्हणजे मुलांनी गट पाडायचे, खरोखर घडलेला एखादा अन्याय शोधायचा आणि त्यावर नाटक, गाणं, चित्र, काय हवं ते करून दाखवायचं. शिबिर चालवायला तेल अवीवहून गिली नावाची मुलगी आली होती. ती भेटेल त्याला मिठी मारायची आणि कुणी काहीही बोललं की "किती खोल!" म्हणायची. स्वयंपाकाला कोण, असा प्रश्न निघायच्या आतच येहुदितबाईंनी होकार देऊन टाकला होता.

त्या संध्याकाळी मोरान घरी आली. बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "सावता, आमचा गट तुझी गोष्ट करतोय. तुझी आणि सबाची. लग्नाच्या कचेरीतली." सबा म्हणजे आजोबा.

"त्या कारकुनाची?" येहुदितबाईंचे खांदे तिथेच हलले.

"बघ! हेच!" मोरानने डोळे वटारले. "ती गंभीर गोष्ट आहे. आपल्या लोकांवर अन्याय झाला होता. तू शेवटच्या रांगेत बसायचं आणि हसायचं नाही. हसलीस तर मी तुला यापुढे काही विचारणार नाही. कधीच नाही."

"नाय गो हसणार. एलियाहू हन्नाबीची शपथ."

नात गेली आणि येहुदितबाईंनी भिंतीवरच्या एलियाहू हन्नाबीच्या तसबिरीपुढे पदर पसरला. आपल्यात अडल्यानडल्याला नवस बोलायचा तो त्यालाच. "एवढं एक नाटक माझं तोंड बंद ठेव रे बाबा. मलिद्याचं ताट ठेवीन. पोहे, गूळ, खोबरं, पाच फळं, काही कमी नाय करणार." आयुष्यात त्यांनी दुखण्यासाठी नवस बोलले होते, पावसासाठी बोलले होते. न हसण्यासाठी हा पहिलाच.

आता ती कारकुनाची गोष्ट सांगायलाच हवी.

येहुदित कोकणातल्या नवगावची. मुंबईत माझगावला चार वर्षं काढून आईबापांबरोबर एकोणीसशे बासष्ट साली इकडे आली. मेयर झिराडचा, इथे रस्त्याच्या कामावर होता. लग्न ठरलं, पण त्या दिवसांत आपली माणसं लग्न नोंदवायला गेली की भलतीच उलटतपासणी होई. तुमची आजी ज्यू होती कशावरून? तिची आई? तिची आई? पुरावा आणा, साक्षीदार आणा. समुद्रकाठच्या खेड्यात ज्यांनी शतकानुशतकं शनिवार पाळायचा म्हणून तेलाचा घाणा थांबवला, त्यांनी आता हे सिद्ध करून दाखवायचं होतं.

मेयर बाहेर बाकावर रागाने लाल होऊन बसला होता. आत येहुदित एकटी, समोर दाढीवाला कारकून.

"आजीचं नाव?"

"रिबका."

"तिच्या आईचं?"

"साराबाई."

"पुरावा?"

येहुदितने मोडक्यातोडक्या हिब्रूत सांगितलं, की नवगावात सगळे म्हणतात, ही हुबेहूब रिबकाआजी. तो म्हणाला, तोंडावळा हा काही पुरावा नाही. इथवर तिने धीर धरला होता. मग त्याने विचारलं, "लग्न कुणाशी करायचंय? नाव सांगा."

आणि इथे गाडी अडली. नवगावात कुठली बाई नवऱ्याचं नाव तोंडावर घेई? आई "अहो" म्हणायची. आजी तर नुसतं "घरातले" म्हणायची. नाव घ्यायचं ते उखाण्यात, आणि उखाणा लग्नात, आणि लग्न तर व्हायचंच होतं! तिने छताकडे पाहिलं. मग दाराकडे बोट दाखवून म्हणाली, "तो. बाकावरचा."

"नाव!"

"तो... बाहेर बसलाय तो."

"नवऱ्याचं नावच माहीत नाही?" कारकुनाने चष्मा काढला, आणि येहुदितचे खांदे हलले. पुढे जे झालं ते बाहेर मेयरने दारातून ऐकलं. कारकुनाने त्यांना हिंदुस्थानातून कागद आणायला सांगून वाटेला लावलं.

कागद कुठून येणार? आजीच्या आजीचा कागद कोकणात कुणी केला होता? आपले लोक जेरुसलेमला गेले, तंबू ठोकून बसले, घोषणा दिल्या. येहुदितही गेली, आणि घोषणा देताना शेजारच्या काकांची कवळी निसटली तेव्हा तिथेही हसली. शेवटी नियम सैल झाला आणि लग्न लागलं. पांढरी साडी, हातावर मेंदी, बायका म्हणाल्या, हां, आता घे उखाणा. "झिराडच्या वाटेवर नारळाची रांग," एवढं म्हणून तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो परीक्षेला बसल्यासारखा ताठ उभा होता. खांदे हलले आणि उखाणा अर्धाच राहिला, तो राहिलाच. पुढे मुलं झाली, नातवंडं झाली, मेयर रस्ता सोडून बाटल्यांच्या कारखान्यात लागला आणि निवृत्तही झाला. पण येहुदितबाईंच्या तोंडून त्याचं नाव कधी निघालं नाही. "अहो" वर संसार झाला.

शिबिरात येहुदितबाई नुसत्या उधळल्या होत्या. बाहेर हाडं गोठवणारा वारा, आत भटारखान्यात वाफ, पन्नास पोरांच्या चपात्या, नारळाच्या दुधातलं मटण, आणि खिडकीतून समोर ऐकू येणारी नाटकाची तालीम. मोरान येहुदित झाली होती. ओमेर नावाचा उंचच उंच मुलगा कारकून झाला होता. मोरानने लिहिलेल्या नाटकातली येहुदित मात्र हसत नव्हती. ती कारकुनाच्या टेबलावर मूठ आपटून म्हणायची, "त्याचं नाव मेयर! आणि मी माझ्या आयांची लेक आहे!" त्यावर गिली टाळ्या पिटायची आणि "किती खोल!" म्हणायची.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा येहुदितबाईंना अभिमान वाटला. दुसऱ्यांदा ऐकताना हातातलं लाटणं थांबलं. एवढी शूर मुलगी कोण ही? तिच्यात आपलं काहीच उरलं नव्हतं. नातीने गोष्टीतून नेमकं हसूच कापून काढलं होतं, म्हणजे आपल्यालाच काढलं होतं. पण त्यांनी पुढची चपाती लाटायला घेतली, कारण पोरीने चार वर्षांनी नाटकाला बोलावलं होतं आणि ते बोलावणं पुन्हा तुटायला नको होतं.

नाटकाच्या दिवशी दुपारी अनर्थ झाला. येहुदितबाईंनी हिरव्या मिरचीचा ठेचा मोठ्यांसाठी म्हणून वेगळा ठेवला होता. ओमेरने पैज लावून त्यातला चमचाभर तोंडात टाकला. आधी त्याचा रंग गेला, मग आवाज गेला, आणि त्या जागी उचकी आली. साखर झाली, पाणी झालं, गिलीने पाठीवर हात फिरवून झाला. उचकी काही हटेना. कारकून उचक्या देत अन्याय करणार कसा?

नेमके तेव्हाच मेयर सुफगानियांची खोकी घेऊन येरुहामहून आले. सुफगानिया म्हणजे हनुक्काचे जॅम भरलेले तळलेले गोळे. गिलीने त्यांना पाहिलं मात्र, मिठीच मारली. "हा माणूस तिथे होता! बाकावर होता! हाच कारकून करेल!"

मेयर तसे दिवसातून दहा वाक्यं बोलणारे. ते नाहीच म्हणतील असं सगळ्यांना वाटलं. पण त्यांनी खोकी खाली ठेवली, टोपी सारखी केली आणि विचारलं, "दाढी कुठाय?" त्या कारकुनाचा सूड घ्यायला हा माणूस चाळीस वर्षं थांबला होता.

दाढी औषधांच्या पेटीतल्या कापसाची केली आणि कणकेच्या खळीने चिकटवली. मोरान पळत भटारखान्यात आली. चेहरा पांढराफटक. "सावता, आता सबा आहे. लक्षात आहे ना तुझ्या?"

"हाय गो लक्षात. जा तू. मी दगड."

दगडाने शेवटच्या रांगेतली खुर्ची धरली आणि खबरदारी म्हणून हातात एक सुफगानिया घेतला. वेळ आलीच तर बूच म्हणून.

हनुक्काचे दिवे लावून झाले आणि नाटक सुरू झालं. मोरान आत आली ती येहुदितबाईंच्या लग्नातल्या पांढऱ्या साडीत. टेबलामागे बसलेल्या मेयरनी तिच्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिले. मग घसा खाकरून असा काही आवाज लावला, की पहिल्या रांगेतली मुलं दचकली. "आजीचं नाव?" त्या एका प्रश्नात त्यांनी सगळे कारकून, सगळे मॅनेजर आणि सगळे मुकादम बसवले होते. झिराडच्या हेलात हिब्रू बोलणारा असा करडा अधिकारी कुणी पाहिला नव्हता. मुलं गंभीर झाली. मोरानही खुलली.

पण खळ ओली होती. "आजीच्या आईचं नाव?" म्हणताना दाढीची डावी बाजू सुटली. मेयरनी ती मोठ्या रुबाबात दाबून बसवली. "पुरावा?" म्हणताना उजवी सुटली. तीही बसवली. श्वास घेतला की कापूस तोंडात जाई आणि ते तो सरकारी शिस्तीने फुंकून बाहेर काढत. नाटक अन्यायाचं, त्यामुळे हसायची कुणाची छाती होईना.

शेवटच्या रांगेत येहुदितबाईंनी सुफगानिया तोंडात कोंबला. जॅम हनुवटीवर आला, डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं. गिलीला वाटलं, बाईंना जुनं दुःख आठवलं. तिने कागदी रुमाल दिला आणि त्यांचा हात घट्ट धरला. "किती खोल," ती कुजबुजली. येहुदितबाईंनी डोळे मिटले. एलियाहू हन्नाबी, दोन ताटं ठेवीन!

"लग्न कुणाशी?" मेयर गरजले. "नाव सांगा!"

मोरानने मूठ उचलली. तोंड उघडलं. आणि दाढी सबंधच्या सबंध सुटून टेबलावरच्या चहाच्या पेल्यात पडली. मेयरनी खाली पाहिलं. पेल्यात बोटं घातली, दाढी बाहेर काढली, नीट पिळली आणि पुन्हा हनुवटीला लावली. चहा शर्टावर ठिबकत होता. "नाव!" ते म्हणाले.

मोरानची मूठ हवेतच राहिली. येहुदितबाईंनी डोळे उघडले तेव्हा त्यांना पहिल्यांदा दिसले ते पांढऱ्या साडीतले खांदे. लटलट हलत होते. मग उचकी. तिकडून ओमेरनेही एक दिली, पण ती ठेच्याची होती. मग शांतता.

आणि मग तो आवाज. बारीक किणकिणत वर चढला, वरून घसरला, पुन्हा चढला.

येहुदितबाई हसायच्याच विसरल्या. स्वतःचं हसू माणसाला बाहेरून ऐकू येत नाही. त्यांनी ते ऐकलं होतं एकदाच, लहानपणी, नवगावच्या ओटीवर. रिबकाआजी सुपात तांदूळ घेऊन बसली होती आणि हसता हसता सगळे तांदूळ अंगणात सांडले होते, कोंबड्या धावल्या होत्या. तोच आवाज. तसाच घसरणारा. त्यांना रडूच फुटलं, खरंखुरं, गिलीला वाटलं होतं तसलं. आणि अर्थात, रडू पुरतं बाहेर पडायच्या आत हसूही फुटलं. मग काय, पुढून नातीचं आणि मागून आजीचं, दोन आवाज एकमेकांना धरून वर चढू लागले. हॉल कोसळला. पोरं खुर्च्यांवरून खाली आली. गिलीची मुरकुंडी वळली.

मोरान टेबल धरून कशीबशी उभी होती. "सावता!" ती ओरडली. "हे थांबवायचं कसं?"

"ते थांबत नसतं गो बाय!" मागून उत्तर गेलं.

तेवढ्यात मेयरनी टेबलावर थाप मारली. "शांतता!" आवाज अजून कारकुनाचाच होता. "कचेरीने आजीचा पुरावा मागितला होता. तो कचेरीने ऐकला. रिबकाआजीचं हसू, नातीच्या नातीत." मग ते उठून उभे राहिले, सगळ्यांच्या डोक्यांवरून थेट शेवटच्या रांगेकडे पाहिलं आणि मराठीत म्हणाले, "बाई, एक प्रश्न राहिलाय. नवऱ्याचं नाव?"

हसू ओसरलं. पन्नास माना मागे वळल्या. येहुदितबाई उठल्या. हनुवटीवरचा जॅम पुसला, पदर डोक्यावर घेतला. खांदे एकदा हलले. त्यांनी ते आवरले. आयुष्यात पहिल्यांदाच आवरले.

"झिराडच्या वाटेवर नारळाची रांग," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. मेयरही थांबले होते, मांडवात उभे होते तसेच ताठ.

"मेयररावांचं नाव घेते, अजून काय हवं सांग!"

बहुतेक पोरांना मराठी कळलं नाही. नाव तेवढं कळलं. मेयरच्या हनुवटीवरची दाढी पुन्हा खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही. टेबलावर बटाटा कोरून केलेला शिक्का ठेवला होता, 'नामंजूर'चा. तो त्यांनी बाजूला सारला. काही तरी बोलायला गेले, पण त्यांची दहा वाक्यं संपली होती. नुसताच तळहात मंजुरीच्या शिक्क्यासारखा टेबलावर आपटला, आणि तो तिथेच दाबून धरून उभे राहिले. खाली मान घालून रडत होते ते सगळ्यांना दिसलं.

टाळ्या थांबल्यावर मोरान साडी सावरत खाली उतरली. रांगांमधून वाट काढत शेवटपर्यंत आली आणि आजीच्या खुर्चीवरच अर्धी टेकली. येहुदितबाईंनी सरकून जागा केली. नाटकाचा तर बोऱ्या वाजला होता, आणि शपथ मोडली होती ती मोडलीच होती. मोरानने आजीच्या हातातला उरलेला सुफगानिया घेऊन खाल्ला, तोंड पुसलं आणि एकेक शब्द शोधत, चक्क मराठीत विचारलं, "सावता... रिबकाआजी... कशाला हसायची?"

येहुदितबाईंनी सांगायला तोंड उघडलं. सूप, तांदूळ, कोंबड्या, सगळं ओठांवर आलं. आणि खांदे हलू लागले.